जुन्या आर्केड यंत्रांच्या बोर्डांचे दोषनिदान

नाणे टाकून खेळण्याच्या व्हिडिओ गेम यंत्रांतील सर्किट बोर्ड बिघडला असता नेमका कोणता घटक निकामी झाला हे हुडकून तो बदलण्याचे तंत्र. यात मुख्यतः १९७० ते १९९० या दशकांतील यंत्रे येतात. इतके जुने बोर्ड आजही दुरुस्त होतात याचे श्रेय त्यांच्या बांधणीला आहे. त्यांवरील बऱ्याचशा चिप सर्वसाधारण जातीच्या असून भोकांत पाय घालून डाग दिलेल्या असतात. शिवाय अनेक कंपन्या यंत्रासोबत सर्किटची पूर्ण आकृतीही देत.

बोर्डाची पिढी बदलली की शोधाची रीतही बदलते. अटारीच्या ‘पाँग’मध्ये (१९७२) मायक्रोप्रोसेसर नव्हताच, चेंडू, फळ्या आणि गुणसंख्या हे सारे टीटीएल, म्हणजे साध्या तार्किक क्रिया करणाऱ्या, चिपांच्या जोडणीतूनच निघे. तिथे प्रोग्रॅम तपासण्याचा प्रश्न येत नाही. बिघडलेला सिग्नल धरून एकेक गेट (एकच तार्किक क्रिया करणारा चिपेतला भाग) मागे जावे लागते. मिडवेच्या ‘गन फाइट’मध्ये (१९७५) इंटेल ८०८० आला, ‘पॅक-मॅन’मध्ये (१९८०) झेड८० हा प्रोसेसर होता, तर ‘गॅलगा’त (१९८१) तीन झेड८० एकत्र काम करतात. अशा बोर्डात एक प्रोसेसर अडला की उरलेले दोन धडधाकट असूनही खेळ थिजू शकतो.

सुरुवात वीजपुरवठ्यापासून होते. टीटीएल चिपांना ५ व्होल्ट लागतात आणि ४.७५ ते ५.२५ ही त्यांची मर्यादा आहे. हे माप पुरवठ्याच्या टोकाशी न घेता बोर्डावरील चिपेच्या पायांवर घ्यायचे, कारण काळवंडलेल्या कनेक्टरमध्येच बराच विद्युतदाब खर्ची पडतो. १९८५ च्या जामा या आर्केड बोर्डांच्या जोडणीच्या मानकाने ५६ संपर्कांचा एकच सामाईक कनेक्टर रूढ केला; त्याआधी बहुतेक कंपन्यांच्या जोडण्या निरनिराळ्या असत. चुकीच्या जोडणीने बोर्ड क्षणात जळू शकतो. ४११६ जातीच्या रॅमला तर +५, +१२ आणि −५ असे तीन पुरवठे लागतात, आणि त्यांतला −५ नसेल तर ती चिप कायमची खराब होऊ शकते.

पुरवठा ठीक असेल तर घड्याळाचा सिग्नल (प्रोसेसरला ताल देणारे ठोके) आणि मग रिसेटची, म्हणजे प्रोसेसर पहिल्यापासून सुरू करणारी, तार पाहतात. अनेक बोर्डांवर ‘वॉचडॉग’ हे राखणदार सर्किट असते. प्रोग्रॅमने ठरावीक वेळाने त्याला खूण दिली नाही, तर ते प्रोसेसरला पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. रिसेटची तार सारखी फडफडत असेल, तर प्रोसेसर चालू होतो पण त्याला धड प्रोग्रॅम मिळत नाही असे समजायचे.

अर्धे निदान पडद्यावरच लिहिलेले असते. स्थिर, अर्थहीन चौकोनांनी पडदा भरला असेल तर चित्रविभाग चालतो आहे, पण व्हिडिओ रॅम स्वच्छ करायला प्रोसेसर तिथवर पोहोचलेलाच नाही. खेळ नीट चालतो, आवाजही येतो, पण अक्षरांवर उभ्या रेघा आहेत. अशा वेळी संशय चित्रांच्या रॉमवर किंवा तिच्या पुढच्या चिपांवर जातो. एखादा रंगच गायब असेल तर आधी मॉनिटरची तार बघावी. नवशिका इथेच थेट रंगाच्या रॉमला हात घालतो.

चिपेच्या पायावर ‘शून्य’ आहे की ‘एक’ ते दाखवणारा लॉजिक प्रोब हे या कामातले मुख्य हत्यार. टीटीएलमध्ये ०.८ व्होल्टखाली ‘शून्य’ आणि २ व्होल्टच्या वर ‘एक’ मानतात. आउटपुट या दोहोंच्या मध्ये लोंबकळत असेल तर ती चिप संशयित. अर्थात सामाईक डेटा-तारांवर कुणीच बोलत नसताना असे दिसणे स्वाभाविक आहे, म्हणून तिथे सिग्नलचा आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोप लावलेला बरा. काही जण संशयित चिपेच्या पाठीवर तशीच चांगली चिप दाबून फरक पडतो का ते पाहतात. आउटपुट तुटले असेल तर ही युक्ती लागू पडते, जमिनीशी (शून्य व्होल्टशी) चिकटले असेल तर नाही. फ्लूक ९०१०ए हे उपकरण प्रोसेसरच्याच जागी बसून रॅम आणि रॉम तपासते.

प्रोग्रॅम साठवणाऱ्या ईप्रॉम चिपांतील माहिती काळाने किंवा अतिनील किरणांनी पुसली जाते. रीडरवर ती वाचून तिचा चेकसम (सगळ्या माहितीवरून काढलेला पडताळणीचा आकडा) मूळ प्रतीशी ताडतात. १९९७ मध्ये सुरू झालेल्या ‘मेम’ या एम्युलेटर (जुनी यंत्रे संगणकावर हुबेहूब चालवणाऱ्या सॉफ्टवेअर) प्रकल्पाच्या नोंदी यासाठी फार उपयोगी पडतात. कॅपकॉमच्या सीपीएस-२ (१९९३) बोर्डांचे दुखणे वेगळेच आहे. त्यांतील कूटलेखनाची किल्ली बॅटरीवर तगून असते. बॅटरी संपली की एकही घटक न बिघडता बोर्ड बंद पडतो.

चिप काढताना घाई नडते. जास्त उष्णतेने भोकांतील तांबे निघून येते, मग चांगली चिप लावूनही जोडणी होत नाही. म्हणून स्वस्त चिपेचे पाय बुडाशी कापून एकेक पाय स्वतंत्रपणे काढावा आणि जागी सॉकेट बसवावे. मूळ बिघाडापेक्षा आधीच्या कारागिराचे हात जास्त महागात पडलेले बोर्ड पुष्कळ दिसतात. पिक्चर ट्यूबवर हजारो व्होल्टचा दाब असतो, म्हणून बोर्ड शक्यतो कॅबिनेटबाहेर काढून टेबलावर तपासतात.

सगळ्यात बिकट प्रश्न खास घडवलेल्या चिपांचा. त्या कोणत्याही बाजारात मिळत नाहीत. दुसऱ्या मेलेल्या बोर्डावरून काढाव्या लागतात, नाहीतर त्यांचे काम समजून घेऊन प्रोग्रॅम करता येणाऱ्या लॉजिक चिपांतून त्यांची नक्कल उभी करावी लागते.