अन्ननलिका फाटणे

घशापासून जठरापर्यंत जाणारी साधारण २५ सेंटीमीटरची नळी आरपार फाटली की डॉक्टर मंडळी त्याला परफोरेशन म्हणतात, आणि ती जोराच्या उलटीने फाटली असेल तर बोरहाव्ह सिंड्रोम. आजार क्वचितच दिसतो पण कॅज्युअल्टीत चुकायला एकदम सोपा, कारण पेशंट छाती धरून येतो आणि छाती धरून आलेल्याचा सगळे आधी ईसीजी काढतात (काढायलाच हवा, त्यात काही चूक नाही).

नावामागची गोष्ट १७२३ सालची, हॉलंडमधली. डच आरमाराचे मोठे अधिकारी यान फान वासेनार खाण्याचे शौकीन होते, आणि जास्त झालं की औषध घेऊन उलटी काढायची ही त्यांची नेहमीची सवय. त्या दिवशी उलटी काढताना छातीत काहीतरी फाटल्यासारखं झालं, भयंकर कळ आली, आणि लायडनचे नावाजलेले वैद्य हर्मन बोरहाव्ह येऊनही काही करू शकले नाहीत, दुसऱ्या दिवशी माणूस गेला. बोरहाव्हनी स्वतः शव उघडलं तर छातीच्या पोकळीत जेवणातल्या बदकाच्या मांसाचा वास येत होता आणि अन्ननलिका तुटलेली. १७२४ ला त्यांनी हे सगळं बारीकसारीक तपशिलासकट छापलं. त्यानंतर सव्वादोनशे वर्षं यावर काही इलाज नव्हता, फाटलेली जागा शिवून पेशंट वाचवल्याची पहिली ऑपरेशनं १९४७ ची, त्यातलं एक लंडनच्या नॉर्मन बॅरेट यांचं. हो, बॅरेट्स इसोफेगस (अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचं अस्तर बदलण्याचा आजार) वाले तेच.

उलटीने बहुतेक वेळा फाटते ती खालच्या टोकाला, जठराच्या वर दोन-तीन सेंटीमीटरवर, डाव्या बाजूला मागे. उलटीच्या वेळी वरचं दार उघडलं नाही तर आतला दाब एकदम वाढतो आणि तिथली भिंत मुळातच कमजोर. त्यात आतड्याला बाहेरून जे पातळ मजबूत आवरण असतं तेही अन्ननलिकेला नसतं, म्हणून टाकेही नीट धरत नाहीत. आणि श्वास घेताना छातीत दाब कमी होतो त्यामुळे अन्न, आम्ल, लाळ, जंतू सगळं आत ओढलं जातं. इन्फेक्शन तासातासाला वाढतं ते यामुळे. एक मात्र सांगायला हवं, उलटी हे काही सगळ्यात कॉमन कारण नाही. सगळ्यात जास्त केसेस एंडोस्कोपी किंवा नळी रुंद करण्याच्या प्रोसिजरनंतरच्या असतात, बाकी मग माशाचा काटा, गिळलेली कवळी, अॅसिड. लहान मुलांमधे बटन सेल, तो अडकला तर दोन तासांतही भाजायला सुरुवात होते, त्यामुळे तिथे उद्या बघू चालत नाही.

ओळखायचं कसं? सगळ्यात कामाचा प्रश्न फुकटचा आहे, आधी काय झालं, उलटी की दुखणं? हार्ट अटॅकमधे साधारण आधी छाती दुखते मग मळमळ होते, इथे आधी जोरात ओकारी आणि लगेच कळ, छातीत किंवा पोटाच्या वरच्या भागात, कधी पाठीत आणि डाव्या खांद्यात. हा क्रम नातेवाईकांना विचारला नाही तर पेशंट पॅन्क्रियाचा, अल्सर फुटल्याचा नाहीतर हार्टचा म्हणून भरती होतो, आणि हार्टचा समजून रक्त पातळ करायचं इंजेक्शन दिलं तर अजूनच पंचाईत. पुस्तकात उलटी, छातीत दुखणं आणि कातडीखाली हवा अशी तिकडी दिलेली असते, पण तिन्ही एकदम बऱ्याच जणांत सापडत नाहीत. तिसरी सापडली तर मात्र विसरता येत नाही, मानेवर बोट दाबलं की कातडीखाली बबल रॅप दाबल्यासारखं कुरकुरतं.

मॅलरी-वाइस हाही उलटीनेच होणारा आजार, त्याच्याशी गल्लत करू नये, त्यात फक्त आतलं अस्तर चिरतं आणि उलटीत रक्त पडतं, इथे रक्त फारसं नसतं, दुखणं जास्त.

छातीचा एक्स-रे लगेच काढायचा, डाव्या बाजूला पाणी नाहीतर हवा, हृदयाभोवती हवेची रेघ. पण सुरुवातीला एक्स-रे नॉर्मलही येतो, म्हणून संशय असेल तर सीटी स्कॅन, फोटोत उठून दिसणारा, पाण्यात विरघळणारा डाय तोंडाने देऊन. बेरियमचा डाय आधी नाही, ते छातीत सांडलं तर सूज येते. छातीत आयसीडी, म्हणजे बरगड्यांमधून पाणी काढायची नळी, टाकल्यावर बाटलीत गढूळ पाणी आणि त्यात भाताची शितं दिसली तर मग निदानाला वेगळ्या रिपोर्टची वाट बघायला नको.

उपचार सुरू करायला पक्क्या निदानाची वाट बघत नाहीत. पेशंट एनबीएम, म्हणजे पाण्याचा घोटसुद्धा नाही (नातेवाईक हमखास लिंबूपाणी घेऊन येतात), दोन सलाईन, ऑक्सिजन, दुखण्याचं इंजेक्शन, सगळ्या प्रकारचे जंतू मारणारी अँटिबायोटिक, अॅसिड कमी करणारं औषध, छातीत पाणी असेल तर नळी, आणि सर्जनला फोन तेव्हाच, रिपोर्ट आल्यावर नाही. राइल्स ट्यूब (नाकातून जठरात जाणारी नळी) अंदाजाने ढकलायची नाही, भोक मोठं होतं. मास्क लावून दाबाने हवा द्यायचं मशीनही टाळलेलं बरं.

पुढे काय करायचं ते किती वेळ गेलाय आणि पेशंट किती आजारी आहे त्यावर ठरतं. पहिल्या २४ तासांत आला तर छाती उघडून धुवून काढतात, फाटलेलं शिवतात आणि त्यावर बरगड्यांमधल्या स्नायूची पट्टी ठिगळासारखी लावतात. उशीर झाला तर जीव जायची शक्यता खूप वाढते आणि कडा इतक्या सडलेल्या असतात की टाका धरत नाही, मग भोकातून टी आकाराची नळी बाहेर काढणं, मानेत वाट करून लाळ बाहेर आणणं, अगदीच झालं तर अन्ननलिकाच काढणं. हल्ली एंडोस्कोपीतून स्टेंट, क्लिप, किंवा आत स्पंज ठेवून सक्शन लावणं हेही करतात. भोक छोटं, गळती आतल्या आत अडलेली आणि पेशंट स्थिर असेल तर ऑपरेशन न करताही निभावतं, पण तोही आयसीयूत आणि रोज डोळ्यात तेल घालून.

या सगळ्या काळात खाणं आतड्यात घातलेल्या नळीतून. साधारण आठवडाभराने पुन्हा डाय गिळायला देऊन फोटो काढतात, गळत नसेल तर चमच्याने पाणी, ते टिकलं की पेज.