करड्या छटा, दोनच रंग : यादृच्छिक डिदरिंगची पार्श्वभूमी

सोलापुरात जेकार्ड मागावर विणलेल्या वॉल हँगिंगमधील चेहरा अगदी जवळून पाहिला, तर त्यात करडी छटा कुठेच सापडत नाही. प्रत्येक ठिकाणी ताण्याचा (उभा) धागा एक तर वर असतो किंवा खाली. गालावरची सावली दिसते ती गडद आणि फिक्या धाग्यांचे प्रमाण बदलत गेल्यामुळे, आणि ते मिश्रण दुरून पाहणाऱ्याचा डोळा करतो. ग्रेस्केल (करड्या छटांच्या) प्रतिमेची बायनरी (फक्त काळी-पांढरी) प्रतिमा करणाऱ्या प्रोग्रॅमपुढचा प्रश्नही हाच आहे. दोनच रंगांच्या ठिपक्यांतून छटांचा भास निर्माण करण्याला डिदरिंग म्हणतात.

0 (काळा) ते 255 (पांढरा) या मूल्यांपैकी 128 हा उंबरठा धरून त्याखालचे पिक्सेल काळे आणि उरलेले पांढरे करणे हा सर्वांत सरळ उपाय होय. मात्र त्यात हळूहळू उतरत जाणारी सावली एका कठोर रेषेवर तुटते. छापखान्यांनी 1880 च्या दशकापासून हाफटोन ब्लॉकच्या जाळीने, लहानमोठ्या ठिपक्यांच्या आधारे, यातून वाट काढली होती.

संगणकीय वाट वेगळ्या गरजेतून निघाली. पुढे इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेटच्या उभारणीमुळे ओळखले गेलेले लॉरेन्स रॉबर्ट्स 1961 मध्ये एमआयटीत दूरचित्रवाणीचे चित्र अंकांच्या रूपात कसे पाठवावे याचा अभ्यास करीत होते. चांगल्या चित्रासाठी दर बिंदूमागे किमान 6 बिट (म्हणजे 64 पातळ्या) लागत, कारण त्याहून कमी पातळ्या ठेवल्या की सपाट भागात खोट्या रेषा उमटत. रॉबर्ट्स यांनी पातळी ठरवण्याआधी मूल्यात छद्म-यादृच्छिक (सूत्राने काढलेला, म्हणून पुन्हा तसाच मिळवता येणारा) गोंगाट मिसळला, ग्रहण करणाऱ्या टोकाला नेमका तोच वजा केला आणि 3 बिटांवर काम भागवले.

बायनरी प्रतिमेत ही वजाबाकी गळून पडते आणि उरते एकच तुलना. प्रत्येक पिक्सेलसाठी 0 ते 255 मधील नवी यादृच्छिक संख्या काढायची आणि पिक्सेलचे मूल्य तिच्याहून मोठे असेल तर तो पांढरा, नाहीतर काळा करायचा; हेच यादृच्छिक डिदरिंग. मूल्य 64 असेल, तर 256 पैकी 64 संख्या त्याहून लहान असतात, म्हणून अशा भागात सरासरी चारांपैकी एक ठिपका पांढरा येतो. येथे सुट्या पिक्सेलची चूक कमी होत नाही, उलट वाढते. परंतु ती चित्राच्या आकाराला चिकटून राहत नाही, आणि माझ्या मते या पद्धतीचे खरे मर्म तेच आहे.

किंमतही आहेच. प्रत्येक निर्णय शेजाऱ्यापासून स्वतंत्र असल्याने ठिपक्यांचे पुंजके होतात आणि चित्र खरखरीत दिसते. मागावर तर असा पुंजका म्हणजे लांबवर मोकळा राहून अडकणारा धागा, त्यामुळे तेथे ठरावीक विणीच शोभतात. 1973 मध्ये ब्राइस बायर यांनी यादृच्छिक संख्येऐवजी ठरलेल्या उंबरठ्यांची चौकट मांडली. 1976 मध्ये फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग यांनी प्रत्येक पिक्सेलची चूक 7, 3, 5 आणि 1 सोळांश अशी चार शेजाऱ्यांत वाटली. त्यानंतर 1980 च्या दशकात रॉबर्ट उलिक्नी यांनी ‘ब्लू नॉइज’ची कल्पना विकसित केली. तीत यादृच्छिकता राहते, पण ठिपके एकमेकांपासून अंतर राखून पडतात.