हरभऱ्याच्या मुळावरची प्रत्येक गाठ रोगाची नसते

‘हरभऱ्याच्या मुळांवर गाठी दिसल्या की सूत्रकृमी आलाच, लगेच औषध सोडा’ असा सल्ला खानदेशात रब्बीत ऐकू येतो. सूत्रकृमी म्हणजे मुळात शिरणारे मातीतले बारीक जंत. गाठी दोन प्रकारच्या असतात, त्यामुळे गोंधळ साहजिक आहे.

पीक महिना-सव्वा महिन्याचं झालं की वाफशावर, म्हणजे जमीन ओलसर पण चिखल नसताना, रोप कुदळीने मातीसकट काढा. उपटलं तर गाठी जमिनीतच तुटून राहतात. मुळं बादलीत बुडवून धुवा. गाठ मुळाच्या कडेला चिकटलेली, नखाने सहज सुटणारी आणि कापल्यावर आत गुलाबी असेल, तर ती रायझोबियमची. हे जिवाणू हवेतला नत्र (नायट्रोजन) पिकाला देतात. आतून हिरवट झाली म्हणजे तिचं काम संपलं. सूत्रकृमीत मात्र मूळच फुगतं. गाठ सुटत नाही, ओढली तर मूळ तुटतं.

रायझोबियमच्या गाठी मोजक्याच दिसल्या तर आधी युरिया किती टाकला ते आठवा. युरियातल्या जास्त नत्राने या गाठी कमी धरतात.