पॉप-अप जाहिरातींचा प्रतिबंध

पॉप-अप जाहिरातींचा प्रतिबंध : संगणकावर एखादे संकेतस्थळ पाहत असताना वापरकर्त्याने न मागता पडद्यावर येणाऱ्या जाहिरातींच्या विंडो उघडण्यापूर्वीच अडवणे. हे काम ब्राउझर (संकेतस्थळे पाहण्याची आज्ञावली) स्वतः करतो किंवा त्याला जोडलेले एखादे एक्स्टेन्शन, म्हणजे पूरक आज्ञावली, करते. रूढ नाव ‘पॉप-अप ब्लॉकर’ असे असले, तरी ब्राउझरमधील हा ब्लॉकर जाहिरात ओळखत नाही; विंडो कोणाच्या इच्छेने उघडत आहे, एवढेच तो तपासतो. त्याचे यश आणि अपयश ही दोन्ही या एकाच गोष्टीतून समजतात.

पॉप-अप जाहिरातीचा उगम सांगताना विंडो उघडण्याची तांत्रिक सोय आणि तिच्यात जाहिरात दाखवण्याची कल्पना या दोन गोष्टींची अनेकदा गल्लत होते. सोयीचा काळ निश्चित आहे. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये रचलेली जावास्क्रिप्ट ही भाषा मार्च १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेटस्केप नॅव्हिगेटर २.० या ब्राउझरबरोबर सर्वांच्या हाती आली आणि तिच्यातील ‘विंडो.ओपन’ या आज्ञेमुळे पान तयार करणाऱ्याला वाचकाच्या पडद्यावर हव्या त्या आकाराची नवी विंडो उघडता येऊ लागली. कल्पनेचे श्रेय सामान्यतः ईथन झुकरमन यांना दिले जाते. सदस्यांना वैयक्तिक पानांसाठी जागा देणाऱ्या ट्रायपॉड या अमेरिकी कंपनीत ते १९९४ ते १९९९ या काळात होते. अशी विंडो उघडणारी आज्ञावली आपण लिहिली, असे त्यांनी ऑगस्ट २०१४ मध्ये ‘द अटलांटिक’ नियतकालिकातील लेखात सांगितले व त्याबद्दल वाचकांची क्षमा मागितली. त्यांनी दिलेले कारण लक्षात घेण्याजोगे आहे : एका मोटार कंपनीची जाहिरात एका सदस्याच्या लैंगिक विषयावरील पानावर झळकल्याने ती कंपनी नाराज झाली, तेव्हा जाहिरात आणि पान यांचा संबंध दिसू नये म्हणून जाहिरात वेगळ्या विंडोत नेण्यात आली. म्हणजे वाचकाला जी घुसखोरी वाटली, ती मुळात जाहिरातदाराला पानापासून दूर ठेवण्याची युक्ती होती. ही घटना साधारणपणे १९९७ च्या सुमाराची मानतात. नव्वदीच्या दशकाचा उत्तरार्ध एवढेच म्हणणे अधिक सुरक्षित ठरेल. जिओसिटीजसारख्या त्याच प्रकारच्या इतर सेवांनीही त्या काळात अशा विंडो वापरल्या. हे पाहता झुकरमन यांना ‘जनक’ म्हणण्यापेक्षा या प्रथेचे सर्वांत विश्वसनीय साक्षीदार म्हणणे योग्य दिसते.

चालू विंडोच्या मागे गुपचूप उघडणारी आणि पुढची विंडो बंद केल्यावरच दिसणारी ‘पॉप-अंडर’ जाहिरात ही याच प्रकाराची पुढची पायरी होय. २००१ मध्ये एक्स१० या कंपनीच्या बिनतारी कॅमेऱ्याच्या जाहिरातींनी तिला कुप्रसिद्धी मिळवून दिली.

प्रतिबंधाची सोय प्रमुख ब्राउझरांपैकी प्रथम नॉर्वेतील ऑपेरामध्ये आली, असे बहुतेक लेखक मानतात. तिचा काळ या शतकाच्या आरंभीचा धरता येईल. जून २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोझिला १.० या ब्राउझरने तिला नेमकेपणा दिला. पान उघडले जात असताना आपोआप निघणारी विंडो ‘न मागितलेली’ समजून अडवायची आणि क्लिकनंतर निघणारी उघडू द्यायची, हे तिचे सूत्र होते. त्याच मोझिलावर आधारलेल्या नेटस्केप ७.० मधून मात्र ही सोय वगळण्यात आली. नेटस्केप तेव्हा एओएल या कंपनीच्या मालकीचे होते आणि पॉप-अप जाहिराती हा त्या कंपनीच्या उत्पन्नाचा एक मार्ग होता. टीका झाल्यावर डिसेंबर २००२ मधील ७.०१ या आवृत्तीत सोय परत आली. २००३ मध्ये गूगल टूलबार या ब्राउझरला जोडायच्या पट्टीने आणि ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ या सुधारणासंचाने ती मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर या ब्राउझरच्या वापरकर्त्यांपर्यंत पोहोचवली. सर्व्हिस पॅकमधील ब्लॉकर पहिल्यापासून चालू असे, त्यामुळे काहीही न करणाऱ्यालाही संरक्षण मिळाले.

ब्राउझरबाहेरून येणाऱ्या विंडोंवर मात्र या उपायाचा परिणाम होत नसे. विंडोजमधील ‘मेसेंजर सर्व्हिस’ ही सोय कार्यालयीन जाळ्यातील सूचनांसाठी होती. तिच्यातून डी स्क्वेअर्ड सोल्यूशन्स ही कंपनी लोकांच्या पडद्यावर जाहिराती पाठवत असे, आणि जाहिरात असे ती अशाच जाहिराती थांबवणाऱ्या आज्ञावलीची. नोव्हेंबर २००३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तिच्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. सर्व्हिस पॅक २ ने ही सोयच मुळात बंद ठेवली.

आजच्या ब्राउझरांत इच्छेची कसोटी बरीच सूक्ष्म झाली आहे. वापरकर्त्याने क्लिक केले किंवा कळ दाबली की ब्राउझर त्या पानाला काही क्षणांची तात्पुरती परवानगी देतो आणि एक विंडो उघडताच ती संपते. त्यामुळे एका क्लिकमागे दहा विंडो उघडता येत नाहीत. परवानगी नसताना ‘विंडो.ओपन’ ही आज्ञा चालवली, तर नवी विंडो न उघडता पानाला रिकामे उत्तर मिळते. क्रोममध्ये ही पद्धत जानेवारी २०१९ मधील ७२ व्या आवृत्तीपासून सध्याच्या रूपात आहे. गैरसोयही याच नियमातून होते. ऑनलाइन अर्ज भरून ‘पावती पाहा’ या बटणावर क्लिक केल्यावर पान आधी सर्व्हरला विचारते आणि उत्तर आल्यावर पावतीची विंडो उघडू पाहते. सर्व्हर संथ असेल तर तोवर परवानगीची मुदत संपते, पावती अडते आणि अर्जदार तेच बटण पुनःपुन्हा दाबत राहतो. अशा वेळी क्रोममध्ये पत्त्याच्या पट्टीच्या उजव्या टोकाला एक लहानसे चिन्ह आलेले असते. त्यावर क्लिक करून केवळ त्याच संकेतस्थळाला परवानगी देणे हा योग्य उपाय आहे. त्यासाठी ब्लॉकर सरसकट बंद करण्याची गरज नसते.

उलट दिशेची चूक अधिक घातक असते. काही संकेतस्थळे सबंध पानावर एक पारदर्शक थर पसरतात. वाचक व्हिडिओ सुरू करण्यासाठी क्लिक करतो, ते त्या थरावर पडते आणि जाहिरात उघडते. क्लिक खरे असल्याने ब्राउझरला ती विंडो मागितलेलीच वाटते. विंडो बंद करण्याची खोटी फुली काढलेल्या जाहिरातींचेही तसेच असते : फुलीवर क्लिक केले की जाहिरातच उघडते. म्हणून विंडोजवर अशी विंडो कंट्रोल आणि डब्ल्यू या कळा एकत्र दाबून बंद करणे श्रेयस्कर.

संरक्षण नसलेल्या संगणकामुळे माणसावर काय बेतू शकते, हे अमेरिकेतील एका खटल्यावरून दिसते. ऑक्टोबर २००४ मध्ये कनेक्टिकट राज्यातील नॉर्विच येथे एका बदली शिक्षिकेच्या वर्गातील संगणकावर मुलांदेखत अश्लील विंडो एकामागून एक उघडत गेल्या. तो संगणक विंडोज ९८ वर चालत होता, त्यामुळे दोनच महिन्यांपूर्वी आलेल्या सर्व्हिस पॅकचा त्याला उपयोग नव्हता. जानेवारी २००७ मध्ये ज्यूरीने शिक्षिकेला दोषी ठरवले. संगणकतज्ज्ञांनी हा घातक आज्ञावलीचा परिणाम असल्याचे दाखवून दिल्यावर जून २००७ मध्ये तो निकाल रद्द झाला. तरीही २००८ मध्ये किरकोळ आरोप मान्य करून प्रकरण मिटवताना तिला अध्यापनाचा परवाना गमवावा लागला. विंडो कोणाच्या इच्छेने उघडली, हा तांत्रिक वाटणारा प्रश्न येथे एका व्यक्तीच्या चारित्र्याचा प्रश्न झाला होता.

नवी विंडो न उघडता त्याच पानावर तरंगणारा जाहिरातीचा चौकोन ब्राउझरच्या ब्लॉकरच्या कक्षेबाहेर राहतो. त्यासाठी ॲडब्लॉक प्लस किंवा यूब्लॉक ओरिजिन यांसारखी एक्स्टेन्शने आणि त्यांना लागणाऱ्या नियमांच्या याद्या वापरतात. ही साधने जाहिरातीच्या पत्त्यावरून व तिच्या मांडणीवरून तिला ओळखतात. २००५ पासून चालत आलेली ‘ईझीलिस्ट’ ही त्यांतील प्रमुख यादी असून मराठीसह भारतीय भाषांतील संकेतस्थळांसाठी ‘इंडियनलिस्ट’ ही पूरक यादी आहे. याद्या स्वयंसेवक सांभाळतात.

जाहिरात व्यवसायानेही काही मर्यादा स्वतःहून मान्य केल्या आहेत. ‘कोअलिशन फॉर बेटर ॲड्स’ या संघटनेने २०१७ मध्ये संगणकावरील जे चार जाहिरातप्रकार असह्य ठरवले, त्यांत पॉप-अप हा एक आहे. या निकषांचे उल्लंघन करणाऱ्या संकेतस्थळांवरील जाहिराती क्रोमने फेब्रुवारी २०१८ पासून काही देशांत आणि जुलै २०१९ पासून जगभर रोखण्यास सुरुवात केली. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक सूचनांत ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या तेरा क्लृप्त्या नमूद केल्या असून वेषांतरित जाहिरात, सततचा तगादा आणि संगणकात विषाणू शिरल्याची खोटी भीती घालणे यांचा त्यांत समावेश आहे.