ठोक्याच्या किंचित आधी : शाळेचा स्टाफ आणि लेझीमचं विज्ञान

वार्षिक परीक्षा संपत आल्या की शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'टीम बिल्डिंग'च्या जाहिराती फिरू लागतात. पाचगणीच्या रिसॉर्टवर एक दिवस, डोळे मिटून मागे पडायचं नि सहकाऱ्यांनी झेलायचं, शेवटी सगळ्यांची गळाभेट. मिठी मारली की ऑक्सिटोसिन हे जवळीक वाढवणारं मानलं जाणारं संप्रेरक पाझरतं आणि स्टाफ एकजीव होतो, असं त्यात छातीठोक लिहिलेलं असतं. ऑक्सिटोसिनचा फवारा नाकात मारल्यावर माणसं अनोळखी माणसावर जास्त विश्वास टाकतात, असा प्रयोग २००५ साली गाजला होता. २०२० मध्ये जास्त लोकांवर तो पुन्हा केला, तेव्हा तो ठळक परिणाम दिसलाच नाही. जाहिरातवाल्यांपर्यंत ही दुसरी बातमी अजून पोचलेली नाही.

कर्मचाऱ्यांच्या स्वास्थ्याचे कार्यक्रम एकूणच किती उपयोगी पडतात? ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. तणावनियंत्रणाची शिबिरं, ध्यानाचे वर्ग, स्वास्थ्याचे ॲप घेणारे आणि न घेणारे यांच्या मनःस्थितीत सांगण्यासारखा फरक सापडला नाही. स्वयंसेवेचं काम करणारे तेवढे थोडे बरे निघाले. ही एका वेळची पाहणी आहे, प्रयोग नव्हे. तरी एकेकट्याला खुर्चीत बसवून 'सकारात्मक व्हा' सांगण्यावर पैसे घालण्याआधी विचार करावा, एवढं तिच्यावरून कळतं.

याच्या उलट दिशेचं एक संशोधन शाळांनी वाचण्यासारखं आहे. २०१५ मध्ये पिअर्स, लॉने आणि डनबार यांनी प्रौढांच्या शिकवणी वर्गांचा सात महिने पाठपुरावा केला. काही वर्ग गाण्याचे होते, काही हस्तकलेचे, काही लेखनाचे. एकमेकांना अनोळखी माणसं एकत्र काहीतरी नवं शिकत होती. गाणाऱ्यांची गट्टी पहिल्या काही आठवड्यांतच जमली. सात महिन्यांनी मात्र हस्तकला आणि लेखनवाल्यांनीही त्यांना गाठलं. म्हणजे जवळीक सोबत शिकण्यातून येतेच, तालासुरात शिकलं तर लवकर येते. आपल्याकडे या कामासाठी लेझीम आहे, हलगी आहे, आणि ती बहुतेक शाळांच्या क्रीडासाहित्याच्या कपाटात पडून असतात.

ताल नेमकं काय करतो, हा यातला खरा गमतीचा भाग.

हलगीचा ठोका ऐकून पाय टाकायचा ठरवलं, तर तो हमखास उशिरा पडेल. आवाज कानावर पडून स्नायू हलेपर्यंत साधारण दीडशे मिलिसेकंद (सेकंदाचे हजारावे भाग) किंवा जास्तच जातात. तरीही पाय तालात पडतो, कारण मेंदू ठोक्याची वाटच बघत नाही. आधीच्या दोन-तीन ठोक्यांवरून पुढचा कधी येणार याचा तो अंदाज बांधतो आणि आज्ञा आधीच सोडतो. प्रयोगशाळेत लोकांना मेट्रोनोमबरोबर, म्हणजे ठरावीक वेगानं ठोके देणाऱ्या यंत्राबरोबर, बोटानं टिचकी मारायला सांगतात, तेव्हा बहुतेकांची टिचकी ठोक्याच्या वीस-पन्नास मिलिसेकंद आधी पडते. ती आधी पडली हे मारणाऱ्याला जाणवतही नाही. दोन ठोक्यांत अर्ध्या सेकंदाच्या आसपास अंतर असेल तेव्हा हा अंदाज छान बसतो. अंतर दीड-दोन सेकंदांच्या पुढे गेलं की तो कोलमडतो आणि माणूस ठोका ऐकून पाय टाकू लागतो. अगदी सावकाश लेझीम अवघड वाटते ती याच कारणानं.

आता दोन माणसं घ्या. तुम्ही शेजारणीपेक्षा ४० मिलिसेकंद मागे आहात. पुढच्या ठोक्याला तुम्ही चुकीचा काही हिस्सा भरून काढता, त्याच वेळी तीही तुमच्याकडे बघून थोडी थांबते. दोघांनी पाव-पाव दुरुस्ती केली तर चूक निम्मी, म्हणजे २० वर येते. दोघांनी अर्धी-अर्धी केली तर शून्य. पण दोघांनी पूर्ण केली तर? तुम्ही ४० नं पुढे सरकलात, ती ४० नं मागे आली. चूक तेवढीच राहिली, फक्त तिची बाजू बदलली, आणि ठोक्यामागून ठोके हा झोका चालूच राहतो. दोघांनी भरून काढलेल्या हिश्शांची बेरीज १ आली तर चूक लगेच मिटते, १ ते २ च्या मध्ये असली तर डोलत डोलत मिटते, २ ला मिटतच नाही. त्यात स्नायूंची स्वतःची थरथर असते, म्हणून प्रत्यक्षात सौम्य दुरुस्तीच बरी. नवशिक्या गटात दोन शिक्षक एकमेकांच्या पायांकडे टक लावून बघू लागले की दोघेही बिघडतात ते यामुळे. पहिल्या दोन बैठकींत 'शेजारी बघू नका, हलगी ऐका' एवढीच सूचना पुरे. समोरासमोर तोंडं करायची ती पावलं बसल्यावर.

'मी हललो की समोरचा माझ्यासाठी जरा सरकतो' हे शरीराला समजतं, आणि त्याचा परिणाम फार लवकरच्या वयातही दिसतो. १४ महिन्यांच्या बाळांना संगीतावर झुलवताना समोरची बाई त्याच तालात हलली, तर पुढे तिच्या हातून पडलेली वस्तू उचलून द्यायला ती बाळं जास्त वेळा सरसावली. ती बेताल हलली तेव्हा कमी. हा प्रयोग २०१४ चा. बाळांना टीम बिल्डिंगचं प्रशिक्षण कोणी दिलेलं नव्हतं.

रसायनशास्त्राची बाजू थोडी नाजूक आहे. इथे संशय एंडॉर्फिन या शरीरातच तयार होणाऱ्या वेदनाशामकावर आहे. मेंदूतलं एंडॉर्फिन रक्त तपासून नीट कळत नाही, कारण रक्त आणि मेंदू यांच्यामधली भिंत ते सहज ओलांडत नाही. मग संशोधक आडवळणानं जातात : रक्तदाब मोजायचा पट्टा दंडावर फुगवत न्यायचा आणि माणूस 'बास' कधी म्हणतो ते बघायचं. एंडॉर्फिन वेदना दाबतं, म्हणून सहनशक्ती वाढली तर ते वाढलं असावं, असा तर्क. २०१० मध्ये ऑक्सफर्डच्या वल्हेकऱ्यांना यंत्रावर ४५ मिनिटं वल्हवायला लावलं, कधी एकट्यानं, कधी साऱ्या चमूला एका लयीत. श्रम सारखेच, पण एकत्र वल्हवल्यावर वेदना सोसण्यातली वाढ जवळपास दुप्पट. सांगलीत कृष्णेच्या पात्रात होड्यांच्या शर्यती मारणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. पुढे ब्राझीलमध्ये शाळकरी मुलांवर नाचाचा प्रयोग झाला. त्यात ताल आणि दमछाक या दोन्हींचा परिणाम वेगवेगळा मोजता आला, म्हणजे बसल्या बसल्या हात हलवूनही तालाचा वाटा मिळतो. गुडघे दुखणाऱ्या मंडळींसाठी ही बातमी कामाची आहे.

इथे एक इशारा. 'मेंदू', 'हार्मोन' हे शब्द ऐकले की आपण फार लवकर पाकीट काढतो. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला लावणारे 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'चे वर्ग याच भांडवलावर चालले. मध्यमेंदू डोळ्यांच्या हालचाली आणि आवाजाकडे मान वळवणं अशी कामं जन्मापासून करतोच आहे, त्याला कोणी फी घेऊन जागं करायला नको. मुलं वाचत होती ती नाकाजवळच्या फटीतून. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या साताऱ्यात तरी असले वर्ग भरायला नकोत.

आता मैदानावर. तालुक्याच्या टोकाला द्विशिक्षकी शाळा असतात, तिथे दोघांचा संघ काय बांधणार? म्हणून जागा केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, मासिक शिक्षण परिषदेची निवडावी. तिथे वीसेक माणसं जमतात. पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी आणि शिपाईमामा यांनाही घ्यावं.

वीस जणांना दीड-दीड मीटर अंतरावर एका ओळीत उभं केलं, तर ओळ साडेअठ्ठावीस मीटरची होते. हलगी एका टोकाला असेल तर आवाजाला दुसऱ्या टोकाला पोचायला सुमारे ८४ मिलिसेकंद लागतात. तिथला माणूस निर्दोष नाचला तरी चुकलेला दिसणार. त्याच वीस जणांचं रिंगण केलं तर त्रिज्या पावणेपाच मीटर, आणि मध्ये बसलेल्या हलगीचा ठोका १४ मिलिसेकंदांत सगळ्यांना एकाच वेळी मिळतो. हलगी वाजवणारं कोणी नसेल तर ध्वनिमुद्रण चालेल, पण एकच स्पीकर ठेवा. ब्लूटूथचा आवाज शे-दोनशे मिलिसेकंद मागे राहतो. त्याच्या जोडीला तारेचा दुसरा स्पीकर किंवा खरी हलगी लावली की एका ठोक्याचे दोन होतात आणि सगळा गट भांबावतो.

सुरुवात मिनिटाला ८० ठोक्यांनी, 'चार आवाज' हा लेझीमचा एकच प्रकार, पाच मिनिटं, मग विश्रांती. ४५ मिनिटांत असे चार-पाच फेरे पुरतात. १०० ते ११० वर जायचं ते तिसऱ्या-चौथ्या बैठकीत. एकत्र वाजवणारे गट नकळत वेग वाढवतात, त्यामुळे दर फेऱ्याला मोबाइलच्या मेट्रोनोमवर हलगी तपासा, नाहीतर ८० ची १०० कधी झाली ते पन्नाशीतल्या शिक्षकाला धाप लागल्यावर कळतं. गुडघा पूर्ण दुमडायचे प्रकार वगळा. रक्तदाबाची गोळी चालू असेल त्यांनी डॉक्टरांना विचारूनच उतरावं. साखळीची कडी उघडी नाही ना आणि दांड्याला लाकडाची कूस निघालेली नाही ना, हे आधी बघावं.

शिकवणारा केंद्रप्रमुख नसावा. सहाय्यक शिक्षिका किंवा लेझीम जाणणारे मामा असतील तर उत्तम. मुख्याध्यापक सगळ्यांदेखत पावलं चुकतात आणि काहीही बिघडत नाही, हे दिसणं महत्त्वाचं. हार्वर्डच्या संशोधक एमी एडमंडसन यांना रुग्णालयांतल्या चमूंमध्ये आढळलं की चांगल्या चमूंत चुकांची नोंद जास्त होते, कारण तिथे चूक सांगायची भीती नसते. जिओटॅग (ठिकाणाची नोंद असलेले) फोटो, अहवाल आणि तालुकास्तरीय स्पर्धा हे तीन पाहुणे आले की ती भीती परत येते.

आणि लेझीम खेळून कामाचा बोजा हलका होत नाही. बीएलओची (मतदारयाद्यांची) ड्यूटी, ऑनलाइन माहिती, आहाराच्या नोंदी तशाच राहतात. हा तास सुटीच्या दिवशी ठेवला तर तोही त्या यादीत जमा होईल. परिषदेच्या वेळेतलीच ४५ मिनिटं द्या, त्यासाठी एक भाषण कमी करा.

'मला तालच नाही' म्हणणारे एक-दोघे निघतातच. ठोका खरोखरच न पकडता येणारी माणसं असतात, पण फार विरळा. बाकीचे बहुतेक पायांकडे बघत असतात. त्यांच्या हातातली लेझीम काढून घ्या आणि दोन फेरे नुसतं मोठ्यानं 'एक-दोन-तीन-चार' मोजायला लावा, मग फक्त चालत मोजायला. तिसऱ्या फेऱ्याला लेझीम परत द्या.