लपायचंही आणि दिसायचंही : रणगाड्यांच्या रंगांमागची गोष्ट

सप्टेंबर 1916 मध्ये, पहिल्या महायुद्धात, फ्रान्समधल्या सोमच्या आघाडीवर ब्रिटिशांचे पहिले रणगाडे उतरले, तेव्हा त्यांच्या अंगावर एका चित्रकाराचा हात फिरलेला होता. सॉलोमन जे. सॉलोमन हे रॉयल अकॅडमीचे नामवंत चित्रकार. त्यांनी मार्क वन रणगाड्यांसाठी बहुरंगी नक्षी बेतली. आघाडीवरच्या चिखलाने ती पार झाकून टाकली आणि पुढे सैन्याने साध्या तपकिरी रंगावर भागवलं. 1918 मध्ये अडचण उलट्या बाजूने आली. पकडलेले ब्रिटिश रणगाडे जर्मन सैन्य स्वतःच वापरू लागलं, म्हणून ब्रिटिशांना आपल्या गाड्यांवर पांढरा-लाल-पांढरा असे ठळक उभे पट्टे ओढावे लागले. शत्रूपासून लपायचं, पण आपल्याच माणसांना दिसायचं, ही ओढाताण तेव्हापासून चालत आली आहे, आणि रणगाड्यांची छोटी मॉडेलं रंगवताना ती ध्यानात ठेवावी लागते.

पोलंडमध्ये 1939 साली जर्मन रणगाड्यांवर भरीव पांढरे क्रूस होते. पोलिश तोफचींना नेम धरायला याहून सोयीचं काय हवं! मग कुणी त्यावर चिखल फासला, कुणी मधला भाग पिवळ्या रंगाने बुजवला. पुढच्या मोहिमेपर्यंत क्रूसाची फक्त पांढरी बाह्यरेषा उरली. त्यामुळे 1939 च्या मॉडेलवर डेकल (चिन्हाचं पातळ चिकटचित्र) लावून वर चिखल थापला, तर तो इतिहासाला धरूनच आहे.

खरा घोळ आहे तो राखाडी रंगाचा. युद्धाच्या सुरुवातीचे जर्मन रणगाडे नुसते गडद राखाडी होते, असं मॉडेलकार कितीतरी वर्षं धरून चालले होते. प्रत्यक्षात तेव्हाचा नियम दोन रंगांचा होता : दोन तृतीयांश गडद राखाडी, एक तृतीयांश गडद तपकिरी. दोन्ही इतके काळपट, की कृष्णधवल छायाचित्रात एकमेकांत मिसळून जातात. एकटा राखाडी रंग वापरायचा आदेश निघाला तो 1940 च्या जुलैअखेर. म्हणजे पोलंड किंवा फ्रान्सच्या मोहिमेतलं मॉडेल करताना तपकिरी रंग हाताशी हवाच.

ब्रिटिशांच्या बाबतीतली चूक याहून रंगतदार आहे. 1940-41 मध्ये उत्तर आफ्रिकेत त्यांनी सरळ कडांचे, तिरके पट्टे असलेली तिरंगी नक्षी वापरली. ती कॉन्टर या ब्रिगेडियरच्या नावाने ओळखली जाते. त्यातल्या एका रंगाचं नाव ‘सिल्व्हर ग्रे’, पण प्रत्यक्षात तो हिरवट राखाडी. पुढे संग्रहालयातला मटिल्डा हा ब्रिटिश रणगाडा रंगवताना तिथे फिकट निळा आला आणि कितीतरी मॉडेलं तशीच निळी झाली. छायाचित्र फसवतं हे आपण मान्य करतो. समोर उभा असलेला अस्सल रणगाडाही फसवू शकतो, हे पचायला जरा जड जातं.

फेब्रुवारी 1943 मध्ये जर्मनांनी मूळ रंगच बदलून गडद पिवळा केला. त्यावरच्या नक्षीसाठी ऑलिव्ह हिरवा आणि लालसर तपकिरी हे रंग घट्ट पेस्टच्या रूपात डब्यांतून तुकड्यांना मिळत. पाण्यात किंवा पेट्रोलमध्ये पातळ करून जवानांनीच ते गाडीवर मारायचे. पेट्रोलची चणचण असली की पाणी. स्प्रेगन नसली की ब्रश, नाहीतर चिंध्या. त्यामुळे एकाच तुकडीतल्या दोन गाड्याही सारख्या दिसत नसत, आणि ‘नेमकी छटा कोणती’ या वादाला मला तरी फारसा अर्थ वाटत नाही. 1944 च्या उत्तरार्धात हे काम पुन्हा कारखान्यांकडे गेलं. झाडीतून झिरपणाऱ्या उन्हासारखे ठिपके त्याच वेळचे, आणि लाल प्रायमर, म्हणजे खालचा अस्तराचा रंग, काही ठिकाणी उघडा ठेवणंही.

अमेरिकनांचा पांढरा ताराही नेम धरायला सोपा होता. अनेक शर्मन रणगाड्यांवर तो पुसट केलेला किंवा रंगवून टाकलेला दिसतो. पण तोवर आकाशात बहुतेक विमानं दोस्त राष्ट्रांचीच असायची. आपल्याच वैमानिकांनी बॉम्ब टाकू नयेत म्हणून गाडीच्या माथ्यावर वर्तुळातला मोठा तारा मात्र ठेवला जाई. बर्लिनमध्ये 1945 साली सोव्हिएत रणगाड्यांनीही त्याच कारणाने टरेटभोवती (तोफेच्या फिरत्या बुरुजाभोवती) पांढरा पट्टा आणि टरेटच्या छतावर क्रूस काढला. अनेक छायाचित्रांत या पट्ट्याच्या कडा वेड्यावाकड्या आहेत. तो रंगवताना मास्किंग टेप नाही लावली तरी चालेल.