‘कौटुंबिक आत्महत्या’ या शब्दामागे

आईने किंवा वडिलांनी आधी मुलांचा जीव घेतला आणि मग स्वतःला संपवले, की मुंबईतल्या वर्तमानपत्रांत त्याचा मथळा बहुधा ‘कुटुंबाची सामूहिक आत्महत्या’ असा होतो. सहा वर्षांच्या मुलाने मरण पत्करले, असा त्याचा अर्थ निघतो. प्रत्यक्षात त्याचा खून झालेला असतो. १८६०च्या भारतीय दंड संहितेने ही गल्लत केली नव्हती: खुनासाठी कलम ३०२, आत्महत्येच्या प्रयत्नासाठी ३०९. मात्र आरोपीच मृत असल्याने खटला उभा राहत नाही आणि घरात काय चालले होते, याची चौकशीही तिथेच थांबते.

पालकांनी केलेल्या अशा खुनांमागच्या हेतूंची शास्त्रीय मांडणी १९६९ साली अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ फिलिप रेस्निक यांनी केली. त्यांनी तपासलेल्या १३१ प्रकरणांत सर्वांत मोठा गट मुलाच्या भल्यासाठीच आपण हे करत आहोत, असे मानणाऱ्या पालकांचा होता. जोडीदारावर सूड हा निराळा हेतू. पहिल्यात उपचार न झालेले नैराश्य शोधावे लागते, दुसऱ्यात घरातली मारहाण, धमक्या आणि ताटातूट. दोन्हींवर ‘कर्जाला कंटाळून’ एवढेच लिहून भागत नाही.

मुंबईने यातली काही पावले लवकर उचलली. महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ साली पोलीस आयुक्तालयात सुरू केला. १०९८ ही बालकांसाठीची दूरध्वनी मदतसेवाही १९९६ साली याच संस्थेतून उभी राहिली. मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ साली कलम ३०९ घटनाबाह्य ठरवले, पण सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली ते वैध ठरवले. पुढे २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेपासून संरक्षण दिले. मुलाच्या खुनाला अर्थातच ते लागू नाही. याच कायद्यातली एक तरतूद मला अधिक मोलाची वाटते: उपचारांसाठी दाखल झालेल्या आईपासून तीन वर्षांखालील मूल सहसा वेगळे करू नये, तिच्याकडून त्याला धोका असेल तरच तात्पुरते करावे आणि देखरेखीखाली भेट चालू ठेवावी. बाळ हिरावून घेतील या भीतीने गप्प राहणाऱ्या आईला हे कोणी सांगतच नाही.

‘माझ्यामागे पोरांचं कसं होणार?’ हे वाक्य नातेवाईक काळजी म्हणून ऐकतात. हताश माणसाच्या तोंडून ते आले, तर मुलांना इजा करण्याचा विचार मनात येतो का, हे स्पष्ट विचारावे, मुलांना त्याच दिवशी सुरक्षित माणसाकडे न्यावे आणि त्या हताश माणसाला एकटे सोडू नये. ऑक्टोबर २०२२पासून सुरू असलेल्या टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते. धोका समोर असेल तर ११२.